संमोहन खरं आहे, ‘तीन बैठकांत कायमचं बंद’ हे खोटं आहे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकाच्या घडीत एक रंगीत पत्रक आलं होतं. ‘डोळे मिचकावणे, नाक उडवणे, तोंड वेडंवाकडं करणे, मान झटकणे : संमोहनाने तीन बैठकांत कायमचं बंद. औषध नाही, दुष्परिणाम नाही, शंभर टक्के खात्री.’ खाली पत्ता नव्हता, शिक्षण किंवा नोंदणी क्रमांक नव्हता. एक मोबाइल नंबर होता आणि ‘लहान मुलांसाठी सवलत’ एवढं होतं. माझ्या वहिनीने ते पत्रक चुंबक लावून फ्रिजवर ठेवलं, कारण तिचा मुलगा, माझा भाचा, नऊ वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीपासून त्याचे डोळे सारखे मिटतात. संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, लावू का त्यांना फोन?”

तिला जे सांगितलं ते आपल्या वाचकांनाही सांगावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला स्वतःला वयाच्या आठव्या वर्षापासून चेहऱ्याचा टिक आहे, म्हणजे न ठरवता पुन्हा पुन्हा होणारी झटक्यासारखी हालचाल. आज मी बेचाळीस वर्षांची आहे आणि स्वसंमोहनाचा मला खरोखर फायदा झालेला आहे. ज्या गोष्टीने मला आधार दिला, तिचं नाव वापरून कुणी आईबापांच्या काळजीवर पैसे कमवावेत हे मला सहन होत नाही.

मी कराडला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. काउंटरच्या काचेपलीकडून दिवसभर माणसं माझ्या चेहऱ्याकडे बघत असतात. माझा उजवा डोळा दोनदा घट्ट मिटतो, त्याच बाजूचा गाल वर ओढला जातो आणि मग नाकपुडी फुगते. कधी हे तासभर होत नाही, कधी मिनिटाला होतं. मार्चअखेरीला, ऑडिट असलं की, किंवा रात्री झोप नीट झाली नसली की वाढतं. नोटा मोजत असताना मात्र होत नाही. बंडल संपेपर्यंत चेहरा अगदी स्थिर असतो, रबर लावून बंडल बाजूला ठेवलं की डोळा मिटतो. झोपेत तर जवळपास नसतंच. लोक विचारतात, “मग मोजताना कसं थांबतं? म्हणजे मनात आणलं तर थांबवता येतं की!” थोडा वेळ थांबवता येतं, हे खरं आहे. पण होण्याच्या आधी डोळ्याच्या कोपऱ्यात एक कळ दाटून येते, शिंक येण्याआधी नाकात दाटते तशी, आणि डोळा मिटल्याशिवाय ती सुटत नाही. शिंक दाबून पाहिलेल्या प्रत्येकाला हे कळेल. दिवसभर दाबून ठेवायचं तर दुसऱ्या कशातही लक्ष लागत नाही आणि घरी पोचेपर्यंत माणूस थकून गेलेलं असतं.

बाईमाणसाच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट असते. ती कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. उजवा डोळा मिटतो तेव्हा समोरच्याला वाटतं, हिने डोळा मारला. शाळेत वर्गातल्या मुलांनी त्यावरून नाव पाडलं होतं. कॉलेजला जाताना एसटीत एक माणूस माझ्यामागून स्टँडवर उतरला आणि गल्लीपर्यंत आला. लग्न ठरवताना पाहुणे येणार म्हटलं की आई आदल्या रात्रीपासून रडकुंडीला येई आणि तिच्या काळजीने माझा चेहरा जास्तच ओढला जाई. दोन-तीन स्थळं ‘मुलीला काहीतरी आहे’ म्हणून परत गेली. पतसंस्थेत लागल्यावर एका खातेदाराने साहेबांकडे तक्रार केली होती, की तुमची कॅशियर चेष्टा करते. साहेबांनी त्यांना आत बोलावून, चहा देऊन, हा आजार आहे असं नीट समजावलं. त्या माणसाने नंतर माझ्याच काउंटरला येऊन ठेव ठेवली.

लहानपणी घरच्यांनी केलं नाही असं काही नाही. मीठ-मोहरी उतरून झाली, अमावास्येला लिंबू टाकून झालं, एका देवऋषाने दंडाला ताईत बांधला. आश्चर्य म्हणजे ताईत बांधला आणि महिन्याभरात माझे डोळे मिटायचे जवळजवळ थांबले. आईने देवऋषाला साडी-चोळी, नारळ नेऊन दिला. पावसाळ्यात शाळा सुरू झाली आणि डोळ्याच्या जागी नाक उडायला लागलं. मग ‘ताईत भिजला’ असं कारण निघालं.

आईला कुणी सांगितलं नाही आणि आजही बहुतेक आईवडिलांना कुणी सांगत नाही ते हे, की टिक स्वतःहूनच चढतो आणि ओसरतो. काही आठवडे जोर धरतो, मग विरतो, काही महिन्यांनी जागा बदलून परत येतो. माणूस उपाय शोधायला कधी निघतो? जोर सर्वांत जास्त असताना. म्हणजे त्या वेळी काहीही केलं, ताईत बांधला, काढा पाजला किंवा त्या पत्रकातल्या तीन बैठका घेतल्या, तरी पुढच्या काही आठवड्यांत उतार पडण्याची शक्यता भरपूर असते. श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. शिवाय टिक साधारण पाच-सहाव्या वर्षी सुरू होतात, दहा ते बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि पुष्कळ मुलांचे पौगंडावस्था सरेपर्यंत खूपच कमी होतात किंवा जातात. माझ्यासारख्या थोड्यांचे मोठेपणीही राहतात. तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या मुलांना गिऱ्हाईक करणाऱ्याला ‘आमच्याकडून शेकडो मुलं बरी झाली’ असं म्हणायला काहीच कष्ट पडत नाहीत. ती मुलं मोठी झालेली असतात.

म्हणून वहिनीला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आधी डॉक्टर. डोळे मिचकावणारं प्रत्येक मूल टिकचं नसतं. कुणाला चष्मा लागलेला असतो, कुणाला डोळ्यांची ॲलर्जी असते. काही मुलं क्षणभर टक लावून हरवतात, पापण्या फडफडतात आणि हाक मारली तरी त्या वेळी ऐकू जात नाही. ती फेफऱ्याचीच एक जात असू शकते आणि तिला औषध लागतं. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याची एकच बाजू ओढली जायला लागली तर कधी कधी चेहऱ्याच्या नसेवर आतली रक्तवाहिनी दाबत असते. त्यावर स्नायू सैल करणारी बोटुलिनमची इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया असे अगदी वेगळे उपचार आहेत. दोन्ही पापण्या मिटून उघडतच नाहीत असाही एक आजार मोठ्यांना होतो. यातलं काही असताना कुणी मुलाला अंधाऱ्या खोलीत झोपवून ‘तुझे डोळे शांत होत आहेत’ म्हणत बसला, तर गेलेला वेळ भरून कोण देणार? भाच्याला आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणि मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी मोबाइलवर काढलेला त्याचा व्हिडिओ पाहिला, प्रश्न विचारले आणि टिकच आहे असं सांगितलं. आम्ही व्हिडिओ नेला ते बरं झालं, कारण दवाखान्यात गेल्यावर बऱ्याच मुलांचा टिक काही वेळ दडून बसतो.

आता संमोहनाविषयी.

मला तिशी उलटल्यावर पुण्यातल्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं गेलं. औषध मी त्याआधी घेतलं होतं. त्याने टिक कमी झाला, पण काउंटरवर झोप येई, वजन वाढलं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते हळूहळू बंद केलं. कुणाचा टिक इतका तीव्र असतो की औषध लागतंच, तेव्हा ‘औषध नाही’ ही काही अभिमानाने छापायची गोष्ट नव्हे. मॅडमनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं : “मी तुमचा टिक काढून टाकणार नाही. तुम्ही ताणाने कशा आवळल्या जाता ते तुम्हाला दाखवीन आणि सैल कसं व्हायचं ते शिकवीन. मग बघू डोळा काय म्हणतो.” मला त्या वेळी थोडं वाईट वाटलं होतं, पण उपचार करणाऱ्या माणसाने बोलावं ते असंच.

सुरुवात शिथिलीकरणाने झाली. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात ही पद्धत बसवली : शरीराचा एकेक भाग आधी आवळायचा, काही सेकंद धरायचा आणि मग सोडायचा, म्हणजे आवळलेलं आणि सैल यातला फरक अंगाला कळतो. पावलं, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे. चेहरा मात्र मॅडमनी अगदी शेवटी ठेवला आणि तो आवळायला लावलाच नाही. कपाळ किंवा डोळे मुद्दाम आवळले की माझी ती कळ जागी होई, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणून चेहऱ्यासाठी फक्त ‘सोडा’. जबडा सोडा, जीभ टाळूपासून सुटी करा, भुवयांमधली घडी उलगडू द्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून घरच्या घरी करणारे लोक नेमकं चेहऱ्यालाच आवळून बसतात. ज्यांना शवासन किंवा योगनिद्रा येते त्यांचं अर्धं काम झालेलं असतं. मला येत नव्हतं. मला तर दोन मिनिटं गप्प पडणंसुद्धा आधी जमत नव्हतं.

ते अंगवळणी पडल्यावर स्वसंमोहन. लोकांना वाटतं, संमोहन म्हणजे गॅदरिंगला किंवा जत्रेत स्टेजवर माणसं कोंबड्यासारखी ओरडतात ते. तसं काहीही नसतं. मी पूर्ण जागी असते. रस्त्यावरचा टमटमचा आवाज ऐकू येतो, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, मनात आलं तर उठून जाता येतं. फक्त लक्ष एका ठिकाणी गोळा झालेलं असतं आणि त्या वेळी स्वतःला सांगितलेली गोष्ट शरीर जास्त मानतं. माझी रीत अशी : खुर्चीत टेकून बसायचं, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघायचं, श्वास पोटातून आणि सोडताना घेतल्यापेक्षा लांब. पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. मग दहापासून उलटे आकडे मोजत मी मनाने प्रीतिसंगमावर जाते, जिथे कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात. घाटाच्या पायऱ्या उतरते, एकेका आकड्याला एक पायरी, शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात. तिथे बसून स्वतःला वाक्यं सांगायची. ही वाक्यं मॅडमनी माझ्याच तोंडून काढून घेतली. माझं पहिलं वाक्य होतं, ‘माझा डोळा मिचकणार नाही.’ त्या म्हणाल्या, हे म्हणताना तुम्हाला आधी मिचकणारा डोळाच दिसणार. मग वाक्य झालं : ‘पापणी जड आहे, थंड आहे, आपली आपण उघडते आणि मिटते.’ दुसरं वाक्य मला त्याहून मोलाचं वाटतं : ‘कळ येईल, वर चढेल आणि उतरेल. मी बघत बसेन.’ हे म्हणताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवायची. रोजच्या सरावाने त्या टेकण्याशी ते सैलपण जोडलं जातं आणि मग काउंटरवर, समोर खातेदार उभा असताना, टेबलाखाली बोटं टेकवली तरी खांदे उतरतात.

याच्या जोडीने त्यांनी आणखी एक शिकवलं, ते संमोहन नव्हे. डोळ्याची कळ आली की नजर किंचित खाली घ्यायची आणि मुद्दाम, सावकाश, एका लयीत पापण्या मिटायच्या-उघडायच्या, कळ विरेपर्यंत किंवा मिनिटभर. जोरात मिटण्याच्या जागी हळू मिटणं. त्यासाठी आधी कळ ओळखता यावी लागते आणि ती ओळखायला शिथिलीकरणाने मला शिकवलं. आवळलेल्या अंगात कळ कुठे सुरू होते ते कळतच नाही.

फायदा काय झाला, हे प्रामाणिकपणे सांगते. टिक गेला नाही. हे पत्र लिहिताना तो होतो आहे. पण त्याचा जोर कमी झाला, लागोपाठ होण्याच्या लाटा कमी झाल्या आणि मुख्य म्हणजे ‘आता होईल, आता होईल’ ही जी धास्ती होती, तीच टिकला खतपाणी घालत होती, ती बरीच ओसरली. पूर्वी लग्नकार्यात मी स्वयंपाकघरात पाटावर बसून भाज्या चिरायचं काम मागून घेत असे. आता मी मांडवात बसते. सराव काही दिवस सुटला, की फरक मला आणि घरच्यांना कळतो.

शास्त्र काय म्हणतं, तेही मी वाचलं आहे, कारण पत्रक छापणारे ‘शास्त्रीय पद्धत’ हे शब्द फार सहज वापरतात. वर जी हळू पापणी मिटण्याची युक्ती सांगितली तिचं मूळ १९७३ साली अमेरिकेत एझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सवय-बदल पद्धतीत आहे. तिच्यावर आधारलेल्या वर्तनोपचाराची मोठी चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ९ ते १७ वर्षांची १२६ मुलं, दहा आठवडे. हा उपचार मिळालेल्या मुलांपैकी ५२.५ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली. ज्यांना फक्त माहिती आणि धीर दिला त्यांच्यापैकी १८.५ टक्के मुलांत तशीच दिसली. आकडे नीट पाहावेत. उत्तम उपचारानेही जवळपास निम्म्या मुलांना तसा फरक पडला नाही आणि नुसत्या धीरानेही काहींना पडला. शंभर टक्के हा आकडा कुठेच नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने याच वर्तनोपचाराला पहिल्या उपचारांत जागा दिली. नुसतं शिथिलीकरण, दुसरं काही न करता, टिकवर फारसं चालत नाही असंच छोट्या अभ्यासांतून दिसतं.

स्वसंमोहनाचाही एक अभ्यास २०१० सालचाच आहे, तोही अमेरिकेतला. ३३ मुलं आणि तरुण. त्यांना आधी दुसऱ्या एका मुलात स्वसंमोहनाने झालेल्या सुधारणेचा व्हिडिओ दाखवला आणि मग पद्धत शिकवून घरी सराव करायला सांगितला. ७९ टक्क्यांना अल्पकाळात फायदा झाला. आकडा वाचून मलाही आनंद झाला होता. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि टिक स्वतःहून ओसरतो हे वर सांगितलंच आहे. तुलना नसेल तर स्वसंमोहनाचा वाटा किती आणि निव्वळ ओसरण्याचा किती, ते वेगळं करता येत नाही. म्हणून या अभ्यासाला मी आशादायक म्हणते, त्याहून जास्त म्हणत नाही. ज्यांच्या नावाने या आजाराची मोठी जात (तुरेत सिंड्रोम) ओळखली जाते, त्या पॅरिसच्या डॉ. गिल द ला तुरेत यांनी १८८५ साली नऊ रुग्णांचं वर्णन लिहिलं. ते ज्या मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य, ते शार्को त्या काळी संमोहनाच्या प्रयोगांसाठी युरोपभर प्रसिद्ध होते, आणि तुरेत यांनी स्वतःही संमोहनावर लिहिलेलं आहे. टिक आणि संमोहन एकाच दवाखान्यात राहत होते म्हणायचं. इतकी जुनी ओळख असूनही संमोहनाने टिक मुळासकट जातो असं आजवर कुणी दाखवून दिलेलं नाही.

आमच्या ओळखीतले काही सुशिक्षित लोक उलट टोकाला जातात. संमोहन म्हटलं की ‘सगळं थोतांड, तुम्ही शिकलेल्या असून काय हे’ असं म्हणतात. बुवाबाजीविरुद्ध महाराष्ट्रात फार मोठं काम झालं आहे, २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याचा मला अभिमान आहे. पण माझ्यासारखीला ताईतापासून सोडवून नेणारी जी वाट होती, तिलाच ताईत म्हणू नये, एवढी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. फरक ओळखणं अवघड नाही. मॅडमनी सगळी किल्ली माझ्या हातात दिली. काही भेटींनंतर मला त्यांची गरज उरू नये, हेच त्यांचं ध्येय होतं. पत्रकवाला मुलाला झोपवून स्वतः काहीतरी ‘करणार’ आहे, मुलाला काही शिकवणार नाही आणि टिक परत आला की पुन्हा त्याच्याकडेच यावं लागणार. मुलाला बंद खोलीत एकटं सोडायला सांगणाऱ्याकडे तर कुणीही फिरकू नये. भाच्याच्या बाबतीत आम्ही विचारलं तेव्हा त्याच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीच सांगितलं, आई बाजूला बसेल. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना किंवा फिट येणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहन देऊ नये, हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

भाच्याचं आता कसं चाललं आहे? पहिला बदल घरात झाला. ‘डोळे नीट ठेव’, ‘चाळे करू नकोस’ हे म्हणणं दादाने आणि वहिनीने बंद केलं. टोकलं की वाढतं. आजीला समजवायला वेळ लागला, कारण तिला वाटे पोराला वळण लागायला हवं. लहान मुलं कल्पनेत फार पटकन शिरतात, त्यामुळे स्वसंमोहन त्याला माझ्यापेक्षा लवकर जमलं. त्याच्या बाईंनी त्याला विचारलं, तुला कुठे जायला आवडेल? तो म्हणाला, मामाच्या ट्रॅक्टरवर. मग तो डोळे मिटून ट्रॅक्टरवर बसतो, इंजिनाचा वेग हळूहळू कमी करतो, चावी फिरवून बंद करतो आणि शेतातली शांतता ऐकतो. परवा मला म्हणाला, “आत्या, माझ्याकडे चावी आहे.” त्याचा टिक आता थोडा उतरला आहे. उतार सरावाचा की ऋतूचा, ते मी सांगणार नाही. पण तो शाळेत जायला कुरकुरत नाही, हे मात्र त्या चावीमुळे आहे असं मला ठामपणे वाटतं.

शाळेविषयी थोडं. त्याच्या वर्गशिक्षिकांना वहिनीने भेटून सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला दुसऱ्या बाकावरून मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायला दिलं, तेही त्याला विचारून, म्हणजे पाठीमागून कुणी बघत नाही. वर्गाला पाच मिनिटांत समजावलं. तेवढ्याने चिडवणं बरंच थांबलं. सगळ्याच शाळांत असं होत नाही. आमच्याच ओळखीत एका मुलाला ‘बाईंना वेडावतो’ म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांत तपासणीला येतं. त्यांच्यापुढे अशा मुलाचं नाव शिक्षकांनी जरूर ठेवावं.

आपल्याकडे खरी अडचण ही आहे, की माझ्या मॅडमसारखं शिकवणारं माणूस तालुक्याच्या गावाला सापडत नाही. मला पुण्याला जावं लागलं, रजा आणि गाडीभाडं दोन्ही घालून. पत्रकवाल्यांचं फावतं ते या रिकाम्या जागेमुळेच. तोवर लोकांनी निदान एवढं करावं : मानसशास्त्रज्ञाकडे जाताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारावं, लाजू नये. कुठे जायचं ते कळत नसेल तर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलतात.

आपल्याला माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, अंकात घातली जाणारी पत्रकं वाटपवाल्यांची जबाबदारी आहे असं म्हणून सोडून देऊ नका. वहिनीने त्या पत्रकावर विश्वास ठेवला तो ते आपल्या पेपरातून आलं म्हणून. यादीतल्या आजारांवर मंत्र, ताईत, कवच अशा चमत्कारी उपायांची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. त्या कायद्यामागचा हेतू ‘शंभर टक्के खात्री’ देणाऱ्या प्रत्येक पत्रकाला लावून पाहावा. दुसरी, आपल्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या टिकवर एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाचा आणि एखाद्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा लेख शेजारी शेजारी छापावा. माझ्यासारख्या माणसाच्या अनुभवापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. पत्र लांबलं आहे याची मला कल्पना आहे. कापावंच लागलं तर माझ्या लग्नाचा आणि तक्रारीचा भाग कापावा. आधी डॉक्टरांना का दाखवायचं आणि घरी मुलाला का टोकायचं नाही, हे दोन परिच्छेद ठेवावेत. भाचा शाळेत आहे, म्हणून नाव छापू नये. नाव आणि फोन नंबर आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. कुणा आईवडिलांना बोलायचं असलं तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पतसंस्था सुटल्यावर सहानंतर बोलू शकते.

आपली,
एक वाचक, कराड